घर चाकांवर, मुक्काम कुठे?

शुक्रवारी ऑफिसातून लॉग-आऊट आणि शनिवारी जाग थेट सातपुड्यात! ना हॉटेल बुकिंग, ना चेक-आऊटची कटकट. बेड, किचन, टॉयलेट, सगळं गाडीतच. कॅम्पर व्हॅनचा हा फंडा कुणाला नको असेल? प्रश्न एकच. रात्री गाडी लावायची कुठे?

न्यूझीलंडमध्ये उत्तर कायद्यातच आहे. २०११च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यामुळे, मनाई नसेल अशा स्थानिक कौन्सिलच्या जागेवर फुकट मुक्काम करता येतो. पण २०२३मध्ये नियम कडक झाले. गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचं सर्टिफिकेट हवं आणि टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं. थोडक्यात, मुक्काम फुकट, पण मागे घाण ठेवायची नाही.

आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात पाणी, वीज, टॉयलेट असलेल्या कॅराव्हॅन पार्कवर भर आहे, 'वाटेल तिथे झोपा' असं नाही.

इथे ब्रेक मारू नका!

चिखलदऱ्याच्या वाटेवर व्ह्यू दिसला की थांबावंसं वाटतंच. पण भोवती मेळघाट आहे, बॉस! अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जाता येतं. रस्ता सोडून आत शिरायला मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते. अकोल्याकडच्या नरनाळ्यालाही हेच लागू.

मग हायवे? अमरावती-अकोला रस्त्याने जून २०२२मध्ये गिनीज रेकॉर्ड केलं, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची लेन! रस्ता झकास आहे, पण त्याच्या कडेला झोपणं म्हणजे जिवाशी खेळ.

ढाबा झिंदाबाद

आपले खरे कॅम्पर म्हणजे ट्रक ड्रायव्हर. वर्षानुवर्षं केबिनमध्येच झोपतात, तेही ढाब्याच्या अंगणात. तुम्हीही तेच करा:

* अंधार पडायच्या आत पोचा, तिथेच जेवा.
* 'भाऊ, रात्रभर गाडी लावली तर चालते का?' असं आधी विचारा.
* सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी तिथे रिकामी करू नका. कचरा सोबत न्या.
* मोठ्याने गाणी नकोत. शेजारच्या ड्रायव्हरला पहाटे निघायचं असतं.

ढाबेवाल्याचा होकार हा हक्क नाही, विश्वास आहे. सकाळी तुम्ही जागा कशी सोडता, त्यावर पुढच्या गाडीला 'हो' मिळणार की 'नाही' ते ठरतं.