घरच्या जुन्या रेकॉर्ड मोबाइलमध्ये घेताय? आधी वेग मोजा!

मागच्या दिवाळीत केळझरला घरी गेलो होतो. केळझर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचं आमचं गाव. आजोबांच्या लोखंडी पेटीत जुन्या रेकॉर्ड होत्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्या सगळ्या मी मोठ्या उत्साहाने ‘डिजिटल’ केल्या होत्या. त्यातलं ‘अलबेला’चं गाणं मोबाइलवर आजीला ऐकवलं. मला वाटलं, आजी खूश होईल. तर ती म्हणाली, “हे गाणं असं धावून काऊन राह्यलं रे? भगवानदादा एवढ्या घाईनं नव्हते नाचत!”

मी हसलो. पण आजीचंच बरोबर होतं.

‘अलबेला’ आणि जॅझचा काय संबंध?

१९५१ च्या या सिनेमाचं संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यात ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट मूळचे गोव्याचे, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. सिनेमात त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्यामुळे तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या हिंदी गाण्याच्या रेकॉर्डमध्येही जॅझ असू शकतो. फक्त लेबलवर तो शब्द लिहिलेला नसतो.

वेग चुकला की नेमकं काय होतं?

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट तुम्ही २ एक्सवर ऐकता. समोरचा भरभर बोलतो, पण आवाज चिरका होत नाही. कारण ॲप आवाजाचे बारीक तुकडे करून ते नव्याने जुळवतं आणि आवाजाची पट्टी तीच ठेवतं.

रेकॉर्डमध्ये अशी काही सोय नाही. तिच्या खाचेतली नागमोडी वळणं म्हणजेच आवाजाच्या लहरी. तबकडी जोरात फिरली की सुईखालून सेकंदाला जास्त वळणं जातात. म्हणजे गाणं लवकर संपतं आणि सूरही चढतो. दोन्ही एकदमच होतं. वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. हार्मोनियमवर पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळीवर गेल्यासारखं.

माझ्याकडे मित्राकडून आणलेला प्लेअर होता. त्यावर ७८ चा वेग नव्हता. म्हणून मी रेकॉर्ड ४५ वर वाजवली आणि कॉम्प्युटरवर १.७३३ पट केली (७८ भागिले ४५). गणित बरोबर होतं, पण प्लेअरच चुकीचा फिरत होता. आजी बोलली तेव्हा जाऊन मोजलं, तर मिनिटाला ४५ ऐवजी ४७ फेरे! म्हणजे ४.४ टक्के जास्त. ३ मिनिटांचं गाणं जवळपास ८ सेकंद आधीच संपत होतं.

ही चूक मोठमोठ्यांचीही झाली आहे

जॅझ ऐकणाऱ्यांमध्ये आवडत्या अल्बमचा विषय निघाला की माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं नाव हमखास येतं. हा अल्बम १९५९ चा. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत २ मार्चला पहिलं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेला आवाज नीट चालणाऱ्या मशीनवर वाजवला की तो जलद आणि चढा ऐकू येतो. त्यामुळे रेकॉर्डची पहिली पूर्ण बाजू, म्हणजे ३ रचना, वर्षानुवर्षं थोड्या चढ्या सुरात विकल्या गेल्या. १९९२ च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी.

दुरुस्त कशी झाली? त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर बॅकअपची टेप चालू होती आणि त्या मशीनचा वेग बरोबर होता. ती टेप जपून ठेवलेली होती, म्हणून मूळ सूर मिळाला. आता संग्राहकांमध्ये वाद असा की, जुनी चढी प्रत खरी की नवी दुरुस्त केलेली? ज्यांचे कान जुन्या प्रतीवर तयार झाले, त्यांना नवी ‘संथ’ वाटते. म्हणूनच अस्सल संग्राहक फक्त अल्बमचं नाव विचारत नाही, आवृत्ती कोणती तेही विचारतो.

माझं काय सुधारलं आणि काय नाही

वेगाची चूक दोन मिनिटांत निघाली. ऑडॅसिटीमध्ये वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय वापरून ४.२६ टक्के कमी केला. आजी म्हणाली, “हां, आता जमलं.”

पण तेव्हा मी आणखी एक उद्योग केला होता. खरखर जावी म्हणून ‘नॉइज रिडक्शन’ लावलं आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून फक्त एमपीथ्री ठेवून मूळ फाइल उडवली. लाखेच्या तबकडीची खरखर पसरलेली असते, ट्रम्पेटची धारही त्याच वरच्या फ्रीक्वेन्सीत असते. सॉफ्टवेअरला दोन्हींतला फरक नीट कळत नाही. खरखर गेली, सोबत ट्रम्पेटही बोथट झाला.

मग पुन्हा रेकॉर्ड करायचं ना? नाही करता आलं. पेटीत परत ठेवताना ती तबकडी माझ्याच हातून पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. लाखेची रेकॉर्ड काचेसारखी असते. वेग गणिताने परत आणता येतो, पुसलेला आवाज परत येत नाही. आता आजोबांच्या त्या रेकॉर्डची एकच प्रत उरली आहे, आणि ती मी बिघडवलेली आहे.

तुम्ही असं करा

१. वेग मोजा. फिरणाऱ्या थाळीच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा. सुई रेकॉर्डवर ठेवूनच मोबाइलने व्हिडिओ घ्या आणि फेरे मोजा. ७८ च्या रेकॉर्डचे ३० सेकंदांत ३९ फेरे, ४५ चे एका मिनिटात ४५ आणि ३३⅓ चे ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत.

२. सुई योग्य वापरा. ७८ ची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीला सुमारे १८ मायक्रॉनची. एलपीची सुई ७८ च्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढते.

३. मोबाइल स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका. खोलीतला पंखाही त्यात येतो. प्लेअरमधून यूएसबी किंवा ऑडिओ इंटरफेसने सरळ फाइल घ्या.

४. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी घेते. प्रत्येक बाजूला ३ मिनिटं धरली तर २० रेकॉर्डच्या ४० बाजू १.२ जीबीत बसतात. एवढी जागा तर रील्स डाउनलोड करूनच भरते. खरखर काढायची असेल तर वेगळ्या कॉपीवर काढा.

५. लेबलचा फोटो घ्या. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर असतो, त्याचाही घ्या. उजेड तिरपा पाडला की तो दिसतो. आवृत्ती ओळखायला तो उपयोगी पडतो.

६. काय केलं ते लिहून ठेवा. कोणता प्लेअर, मोजलेला वेग किती, सुई कोणती. उद्या चूक सापडली तर याच्यावरूनच दुरुस्त करता येईल.

एक लक्षात ठेवा. खूप जुन्या, १९२५ च्या आधीच्या तबकड्या ‘७८’ म्हणवत असल्या तरी बऱ्याचदा वेगळ्याच वेगाने रेकॉर्ड झालेल्या असतात. तिथे फेरे मोजून भागत नाही, गाणं ओळखीचं असलेला कान लागतो.

तो कान बहुतेक तुमच्या घरातच आहे. फाइल सेव्ह करण्याआधी आजीला, आजोबांना एकदा ऐकवा. आणि रेकॉर्ड दोन्ही हातांनी धरा.