गठाणीच्या पोटातील विस्तव

पावसाळा सरून कपाशीची बोंडे उमलू लागली आणि काठोकाठ भरलेल्या गाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकाशी येऊन थांबली, की खानदेशातील शेतकरी वर्षभराच्या श्रमांचा हिशेब मांडू लागतो. परंतु त्याच दिवसांत जळगाव-धुळ्याच्या अग्निशमन केंद्रांवरील अधिकाऱ्यांना निराळीच चिंता लागते, कारण ज्या पिकावर या प्रदेशाचा संसार चालतो, तेच पीक येथील सर्वांत चिवट इंधनही आहे.

सबंध जिल्ह्याला एकच अग्निशमन खाते असावे आणि एकाच कचेरीतून त्याला हुकूम सुटावा, अशी आपली व्यवस्था नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत हा विषय नागरी स्थानिक संस्थांच्या कामांत नमूद आहे. सबब 2003 साली महानगरपालिका झालेली जळगाव व धुळे ही शहरे आणि अमळनेर, चाळीसगाव, भुसावळ, शिरपूर यांसारख्या नगरपालिका आपापला बंब, आपापली माणसे आणि आपापली अंदाजपत्रकी तरतूद सांभाळतात. खेड्यातील गंजीला आग लागली, की जवळच्या शहराचा बंब धावतो, आणि तो पुरा पडला नाही तर शेजारच्या शहराचा. अशा व्यवस्थेत अधिकाऱ्याला स्वतःच्या केंद्राइतकीच शेजारच्या केंद्राच्या बळाचीही खबर ठेवावी लागते.

कापसाची आग कशी असते, हे समजल्यावाचून या खात्याचे काम समजत नाही. वेचणीत आलेला एखादा खडा वा खिळा जिनच्या रुळाशी व पात्याशी घासला, की ठिणगी पडते; मोकळ्या रुईवर ज्वाळा पाहता पाहता पसरते आणि ती सर्वांना दिसतेही. परंतु रुईत लपलेला एखादा विस्तव प्रेसमध्ये दाबला जाऊन सुमारे 170 किलोंच्या गठाणीत बंदिस्त झाला, तर तो तंतूंमधील थोड्याशा हवेवर कित्येक दिवस धुमसत राहतो. त्यावर पाणी मारावे, तर ते आत शिरत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचे सूक्ष्म आवरण असते. सरकी काढलेल्या रुईचा पुंजका पाण्यावर ठेवून पाहावा, तो बराच वेळ कोरडा तरंगतो.

म्हणून गठाणीची आग विझवायला यंत्राहून अधिक मनुष्यबळ लागते. ज्वाळा बंबाच्या माऱ्यापुढे लवकर नमते. त्यानंतर आकड्यांनी गठाणी ओढून काढायच्या, पट्ट्या तोडायच्या, आणि पट्टी तुटताच फुगून उसळणारी रुई थराथराने उलगडून भिजवायची, हे काम रात्रभर चालते. धुराने डोळे चुरचुरलेल्या पहिल्या तुकडीला विसावा देण्यास दुसरी तुकडी हवीच. हजेरीपटावरील एक रिक्त जागा कागदावर क्षुल्लक दिसते. गठाणींच्या ढिगापाशी पहाटे तीन वाजता ती जागा थकलेल्या फायरमनच्या खांद्यावर येऊन बसते.

साधनांची निगा हेही असेच अदृश्य काम. वापरलेला होज धुऊन, टांगून वाळवला नाही तर आतून कुजतो. पंपाचे प्रायमिंग रोज तपासले नाही तर ऐन वेळी तो पाणी धरत नाही. शिवाय उत्तम पंपही सात-आठ मीटरांहून खोल गेलेले पाणी सक्शनने ओढू शकत नाही, आणि खानदेशातील विहिरींची पातळी उन्हाळ्यात त्याहून कितीतरी खाली जाते. म्हणून कोणत्या रस्त्यावर कोणाची वीजपंपाची विहीर चालू आहे, टँकर कोठे भरता येईल, हे चालकाला तोंडपाठ असावे लागते. धुळ्यात कॅप्टन ब्रिग्ज याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरळ आखलेल्या पेठेतील क्रमांकाच्या गल्ल्या फोनवरून पत्ता घेणाऱ्यास सोयीच्या पडतात; जळगावात नगरपालिकेनेच उभारलेली सतरा मजली इमारत मात्र स्मरण देते, की शिडीच्या आवाक्यापलीकडे इमारतीतील स्वतःची जलवाहिनी व पंप हाच आधार असतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या पोटात, कापसाच्या गठाणी आणि दारूगोळा एकत्र भरलेला असताना, आग लागली. तासाहून अधिक काळ पाणी ओतले गेले, तरी ती आटोक्यात आली नाही. चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जण कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. खानदेशात तो येतो तेव्हा ऊन रणरणू लागलेले असते आणि जिनच्या आवारात मोसमाच्या अखेरच्या गठाणी उरलेल्या असतात. तेथील अग्निशामकाला त्या आगीची जात समजावून सांगावी लागत नाही.

धूर थांबला, मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला, बघ्यांची गर्दी पांगली, तरीही अनुभवी अधिकारी होज गुंडाळण्याचा हुकूम लगेच देत नाही. तो शेवटच्या गठाणीपाशी जातो, हातमोजा काढतो आणि तळवा तिच्या कुशीवर टेकवून उभा राहतो. ऊब लागली, तर पट्टी पुन्हा तोडायची. त्या तळव्याला घाई करावी लागू नये, त्याच्यामागे ताज्या दमाची माणसे आणि भरलेली टाकी उभी असावी, एवढ्याचसाठी हे सारे खाते चालवायचे असते.