सागरी गाळाचे जैव शुद्धीकरण

समुद्र, खाडी व बंदर यांच्या तळाशी साचलेल्या गाळातील प्रदूषकांचे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने निरुपद्रवी वा कमी विषारी पदार्थांत रूपांतर करण्याच्या प्रक्रियेस सागरी गाळाचे जैव शुद्धीकरण म्हणतात. पाण्यातील खनिज तेल, कीटकनाशके, जड धातू इ. प्रदूषके मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे वरचे पाणी स्वच्छ झाल्यावरही गाळ हा प्रदूषणाचा दीर्घकाळ टिकणारा साठा ठरतो. शिंपले, खेकडे व मासे यांच्याद्वारे ही प्रदूषके मानवी आहारात येतात. गाळ उपसून काढणे खर्चाचे असून त्यामुळे बसलेली प्रदूषके पुन्हा पाण्यात मिसळतात. म्हणून गाळावर जागच्या जागी उपचार करणाऱ्या या पद्धतीस महत्त्व आले आहे.

खनिज तेलातील हायड्रोकार्बने हे अनेक जंतूंचे अन्न आहे. ॲल्कॅनिव्होरॅक्स या प्रजातीतील जंतू तर जवळजवळ पूर्णपणे तेलावरच जगतात. ऑक्सिजन उपलब्ध असल्यास हायड्रोकार्बनांचे अखेर कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांत अपघटन होते. तथापि खाडीच्या बारीक गाळात ऑक्सिजन बहुधा काही मिलिमीटरच खोल जातो. त्याखाली अनॉक्सिजीवी जंतू ऑक्सिजनाऐवजी नायट्रेट, लोह अथवा सल्फेट वापरतात. त्यांचे कार्य पुष्कळच मंद असते. मात्र क्लोरीनयुक्त संयुगांतील क्लोरीन अलग करण्याचे काम प्रामुख्याने याच थरात होते.

या शुद्धीकरणाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत स्थानिक जंतूंना नायट्रोजन व फॉस्फरस यांची खते पुरवितात. कारण तेलात कार्बन विपुल असला, तरी ही पोषकद्रव्ये जवळजवळ नसतात. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डीझ या जहाजातून तेल सांडल्यावर तेथील किनाऱ्यांवर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. दुसऱ्या पद्धतीत प्रयोगशाळेत वाढविलेले जंतू सोडतात. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तयार केलेल्या तेलभक्षक जंतूस अमेरिकेत १९८० मध्ये न्यायालयीन निर्णयाने एकस्वाधिकार मिळणे शक्य झाले. परंतु तो खुल्या समुद्रात वापरला गेला नाही. बाहेरून आणलेले जंतू स्थानिक जंतूंशी स्पर्धेत बहुधा टिकत नाहीत.

मुंबई बंदराजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन सु. ८०० टन तेल सांडले. ते किनाऱ्यांवर व खारफुटीच्या वनांत पसरले. या वेळी टेरी या संस्थेने विकसित केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जंतुमिश्रण किनाऱ्यावर वापरण्यात आले. त्यात पाच प्रकारचे जंतू मक्याच्या कणसांच्या बुरक्यांच्या भुकटीवर बसविलेले असतात. खारफुटीच्या चिखलात मात्र यंत्रे वा माणसे नेल्यास श्वसनमुळे तुडविली जातात आणि तेल अधिक खोल, ऑक्सिजनरहित थरात दाबले जाते.

जड धातूंच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे अपघटन होत नाही. जंतू केवळ त्याचे रूप बदलतात. औद्योगिक सांडपाण्यामुळे ठाणे खाडीत पारा आल्याचे संशोधन १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पारारोधक जंतू विद्राव्य पाऱ्याचे बाष्पनशील पाऱ्यात क्षपण करतात. परंतु तो पारा हवेत जातो, नष्ट होत नाही. याउलट सल्फेटाचे क्षपण करणारे काही जंतू पाऱ्यापासून मिथिल पारा हे अधिक विषारी संयुग बनवितात व ते माशांत साठते. हायड्रोकार्बनांचे अपघटन करणाऱ्या जंतूंतही सल्फेट-क्षपणकारी जंतू असतात. म्हणून तेल व पारा दोन्ही असलेल्या गाळात जंतूंची वाढ अविचाराने केल्यास एक दोष जाऊन दुसरा बळावण्याचा संभव असतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य असून तो २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाला. तेथील अनेक पक्षी चिखलातील जीवांवर जगतात. त्यामुळे उपचारापूर्वी गाळाचे रासायनिक व जैव परीक्षण अनिवार्य ठरते. प्रदूषकांचा मूळ स्रोत बंद केल्याखेरीज कोणत्याही जंतूचा उपयोग कायमचा होत नाही.