फ्री डिशचे चित्र तुटते? पेटी बदलण्याआधी छत्री तपासा

दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. पुढे तिचेच नाव 'डीडी फ्री डिश' झाले. छत्री, पेटी आणि वायर यांचा खर्च एकदाच करायचा, त्यानंतर दरमहा काही भरायचे नाही, अशी ही सेवा आहे. त्यामुळे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत कामगारांच्या घरांवर, चहाच्या टपऱ्यांवर आणि लहान दुकानांवर ही छत्री सर्रास दिसते. सह्याद्रीच्या बातम्या, डीडी उर्दूचे कार्यक्रम आणि २०२० पासून सुरू झालेल्या 'पीएम ई-विद्या'च्या इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या याच मार्गाने घरात येतात.

सेवा मोफत असली तरी दुरुस्ती मोफत नसते. चित्राचे चौकोन पडू लागले, आवाज तुटू लागला किंवा पडद्यावर 'नो सिग्नल' आले की मेकॅनिकला बोलावले जाते. तो पेटीवर हात ठेवून सांगतो, "ही गेली, नवी घ्या." आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरातून हजार-दीड हजार रुपये बाहेर पडतात आणि कित्येकदा पंधरा दिवसांनी तोच दोष पुन्हा उभा राहतो. आमच्या पाहण्यात अशी जी उदाहरणे आली, त्यांतील बहुतेकांत पेटी निर्दोष होती. दोष छपरावर होता आणि तो अगदी थोड्या पैशांत निघाला. म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी ही माहिती सविस्तर देत आहोत.

दोन पट्ट्यांचा अर्थ

पेटीच्या मेनूमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. एक 'स्ट्रेंग्थ', दुसरी 'क्वालिटी'. बहुतेक लोक पहिलीच पट्टी पाहून समाधान मानतात. आम्ही कापडाचे व्यापारी, म्हणून आमच्याच धंद्यातला दाखला देतो. तागा काट्यावर ठेवला आणि वजन भरले, म्हणजे कापड चांगले ठरत नाही. कांजी जास्त पाजली की वजन वाढते. खरी पारख विणीची असते आणि त्यासाठी कापड उजेडासमोर धरावे लागते. इथेही तसेच आहे. स्ट्रेंग्थ म्हणजे वजन. त्यात उपग्रहाच्या लहरींबरोबर निरुपयोगी खरखरही मोजली जाते. छत्री भलतीकडे तोंड करून असली तरी ही पट्टी बरीच भरलेली दिसू शकते. क्वालिटी म्हणजे वीण. चित्र टिकते ते तिच्यावर.

यावरून निदान सोपे होते. दोन्ही पट्ट्या शून्यावर असतील, तर छत्रीपर्यंत वीजच पोचत नाही, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा पेटीचा अडॅप्टर पाहावा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर छत्रीची दिशा हललेली असते किंवा पेटीतील सेटिंग बिघडलेले असते. क्वालिटी सारखी वरखाली होत असेल, तर नट ढिला, कनेक्टर सैल किंवा मध्ये झाडाची फांदी, यांपैकी काहीतरी आहे.

छत्रीचे तोंड कुठे हवे

फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर दिसतो. मालेगावातून पाहिले तर तो जवळजवळ बरोबर आग्नेय दिशेला येतो. मुंबई, भिवंडी, सोलापूर आणि इचलकरंजीहूनही दिशा आग्नेयच, नागपूरहून ती थोडी दक्षिणेकडे झुकते. क्षितिजापासूनची उंची मालेगाव-भिवंडीला सुमारे ५८ अंश, नागपूरला ६० आणि सोलापूर-इचलकरंजीला ६१ अंश भरते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती छत्री 'ऑफसेट' पद्धतीची असते. तिचा एलएनबी, म्हणजे पुढच्या दांडीवरचा ग्राहक, मध्यभागासमोर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्री जिकडे पाहते असे वाटते, त्यापेक्षा ती प्रत्यक्षात वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. नवखा माणूस तिला आकाशाकडे जास्त तोंड करून ठेवतो आणि सिग्नल हातचा घालवतो.

साठ सेंटीमीटरच्या छत्रीला दोन अंशांचा फरकही जड जातो. तिची एक कड दुसरीच्या तुलनेत सेंटीमीटरभर पुढेमागे झाली की एक अंश सरकला असे समजावे. म्हणून छत्री हलवताना ती अगदी केसभर सरकवावी, चार-पाच सेकंद थांबावे, खाली पट्टी पाहणाऱ्याला विचारावे आणि मगच पुढे सरकवावे. सर्वांत जास्त क्वालिटी मिळेल तिथे नट आवळावेत. आवळतानाही छत्री सरकते, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा पाहावी.

एलएनबी आपल्या जागी थोडा फिरवलेलाही असावा लागतो. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले, तर आपल्याकडे तो घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुमारे चाळीस अंश वळलेला हवा. पुष्कळ ठिकाणी तो सरळ ठेवलेला असतो. ढिला करून हळूहळू फिरवला तरी क्वालिटी चांगली वाढते.

वायर आणि पाणी

पेटी वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टची वीज पाठवते आणि त्याच वायरने सिग्नल खाली आणते. वायरच्या टोकाचा कनेक्टर उघडा राहिला तर पावसाचे पाणी आत शिरते, तांबे हिरवे पडते आणि सिग्नल गळू लागतो. असे टोक कापून टाकावे, नवा कनेक्टर लावावा, त्यावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी. जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला चिकटणार नाही हे पाहावे. कनेक्टरच्या खाली वायरला एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. वायर 'आरजी-६' प्रतीचीच घ्यावी, मध्ये जोड देऊ नये. काही वाहिन्या स्वच्छ आणि काही तुटक दिसत असतील, तर जुनी वायर बदलून पाहावी, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांब आणि खराब वायरमध्ये आधी मरतो.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचे असतील, तर साधा स्प्लिटर लावून काम भागवू नये. दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा आणि दोन स्वतंत्र वायरी ओढाव्यात.

यंत्रमागाच्या छपरावर

आपल्या गावांतला एक दोष इतरत्र फारसा आढळत नाही. लूमच्या कारखान्याच्या पत्र्यावर किंवा त्याला लागून असलेल्या भिंतीवर बसवलेली छत्री दिवसरात्र थरथरत असते. आज आवळलेला नट दोन-तीन महिन्यांत ढिला होतो. छत्री शक्यतो राहत्या घराच्या पक्क्या स्लॅबवर बसवावी. ते शक्य नसेल तर स्प्रिंग वॉशर आणि दुहेरी नट लावावेत आणि योग्य जागा सापडल्यावर पट्टीवर रंगाची खूण करावी. पुढच्या वेळी ती खूणच सांगेल की छत्री हलली की नाही. पेटीच्या जाळीत बसलेले कापसाचे तूस कोरड्या ब्रशने काढावे, नाहीतर पेटी तापते. विजेचा दाब सतत वरखाली होत असेल, तर अडॅप्टर कमकुवत होतो. सारख्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहिल्याशिवाय पेटीला दोष देऊ नये.

दोष आपला नसतो तेव्हा

मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटे चित्र जाणे साहजिक आहे. पण रिमझिम पावसातही ते जात असेल, तर छत्री कडेवर बसलेली आहे आणि तिला नीट रोखण्याची गरज आहे, असे समजावे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. दोष आपोआप जातो, काहीही हलवू नये. उलट याच दिवसांचा फायदा घ्यावा. त्या वेळी छत्रीवर पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी आहे. झाडाची किंवा शेजारच्या नव्या मजल्याची सावली पडत असेल तर अडथळा सापडला.

बाकी सगळे दिसते आणि एकच खासगी वाहिनी गेली, तर तो बिघाड नाही. प्रसार भारती या जागा लिलावाने देते आणि बहुतेक मुदती ३१ मार्चला संपतात. अशा वेळी फक्त नव्याने स्कॅन करावे. काही वाहिन्या एमपेग-४ पद्धतीने येतात, त्या जुन्या एमपेग-२ पेटीवर कधीच दिसणार नाहीत. तेवढ्यापुरती पेटी बदलण्याचा सल्ला खरा आहे.

तपासण्याचा क्रम

आधी दोन्ही पट्ट्या पाहाव्यात. मग सेटिंगमध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० आणि त्याची वीज चालू आहे ना, हे पाहावे. त्यानंतर कनेक्टर, वायर, नट, दिशा आणि शेवटी एलएनबी. एवढे करूनही जमले नाही, तर आपली पेटी शेजाऱ्याच्या चालू छत्रीला जोडून पाहावी. तिथे चित्र आले, तर पेटी ठीक आहे. ही एक चाचणी दहा मिनिटांत होते आणि दीड हजार रुपये वाचवते. कनेक्टर काढता-जोडताना पेटीची वीज बंद करावी. ओल्या पत्र्यावर चढू नये आणि विजेच्या तारा जवळ असतील तर मुलांना छपरावर पाठवू नये.

छत्री बसवणाऱ्या आमच्या तरुण कारागिरांनाही एक गोष्ट सांगायची आहे. पेटी विकून मिळणारा नफा एकदाच मिळतो. "पेटी चांगली आहे, कनेक्टरचे वीस आणि मेहनतीचे शंभर द्या," असे सांगणाऱ्या माणसाला त्या गल्लीतली सगळी घरे बोलावतात. मेहनतीचे पैसे मागण्यात संकोच नको, पण चांगल्या मालाला खराब म्हणू नये. बाजारात पत अशीच बनते, मग तो बाजार कापडाचा असो की छत्रीचा.