घरासाठी हत्यार : लांब बंदूक की पिस्तूल?

धान लोंबीवर आले की चामोर्शी तालुक्यातील शेतकऱ्याची रात्र बांधीवर जाते. इकडे रानडुकरांचे कळप, तिकडे वाघाची भीती, आणि घरी बायको-लेकरं एकटी. अशा वेळी ‘घरात एखादं हत्यार असावं’ असे वाटणे साहजिक आहे. पुढचा प्रश्न लगेच येतो. कार्बाइनसारखी आखूड बंदूक घ्यावी, साधी बाराबोअर घ्यावी, की कमरेला लागणारे पिस्तूल? शेतकरी बंधूंनो, पैसे मोजण्याआधी याचा सर्व बाजूंनी विचार करा.

कार्बाइनचा नाद नको

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, खांद्याला लावून चालवायची रायफल. दारातून, बोळातून वळवायला सोपी, म्हणून पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरली. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी स्वयंचलित कार्बाइन शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे प्रतिबंधित शस्त्रात मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. बिनपरवाना सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षांची कैद आहे. ‘मग दुनळीचीच नळी कापून आखूड करू’ असे कोणी सुचवील, तर त्याला दारातूनच परत पाठवा. परवान्याशिवाय नळी कापणे हादेखील गुन्हाच आहे.

कायदा काय पाहतो?

आता उरल्या दोन वाटा : बाराबोअर किंवा रिव्हॉल्वर-पिस्तूल. कायदा या दोघांना एका मापाने मोजत नाही. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक रक्षणासाठी मागितली, आणि अर्जदाराविरुद्ध कायद्यातील कोणतीही हरकत नसली, तर परवाना द्यावा असे कलम १३ सांगते. पीकरक्षणासाठी भरमारलाही तोच नियम आहे. रिव्हॉल्वर, पिस्तूल किंवा रायफल हवी असेल तर मात्र ‘योग्य कारण’ जिल्हाधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागते. ‘शेजाऱ्याकडे आहे’ हे काही कारण झाले नाही.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात होतो आणि पोलीस चौकशी होते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सुरक्षित वापराचे प्रशिक्षणही आहे. परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे ठेवता येतात. आपल्या तालुक्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. चपराळा अभयारण्याच्या आसपासच्या गावांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

हाताला काय बसते?

पिस्तूल लहान, लपवायला सोपे, एका हाताने चालते. पण आखूड नळीने नेम धरणे फार अवघड. अंधारात, छाती धडधडत असताना सराव नसलेल्या माणसाची गोळी दहा पावलांवरही चुकते. आणि चुकलेली गोळी कुठे जाते? कुडाची भिंत तिला अडवत नाही. पलीकडे तुमचीच म्हातारी माय निजलेली असते.

बाराबोअर दोन्ही हातांत आणि खांद्यावर टेकते, म्हणून नेम सोपा जातो. मात्र तिचा धक्का मोठा असतो आणि अरुंद खोलीत नळी अडखळते. ‘छर्रा पसरतो, नेमाची गरज नाही’ हा समजही खोटा आहे. खोलीच्या अंतरावर छर्रे जवळजवळ एकाच ठिकाणी बसतात. तरीही दोहोंत निवड करायची, तर शेतकऱ्याच्या घराला बाराबोअर जास्त जुळते.

पण बंदूक कोणावर चालवणार?

खरा मुद्दा इथे आहे. रानडुकरासाठी म्हणाल, तर बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वन विभागाची वेगळी परवानगी लागते. वाघासाठी म्हणाल, तर जिवावर बेतले असता स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्यापुरतीच सूट आहे. वाघ बहुधा गाठतो तो मोहफूल वेचताना, गुरे चारताना. तेव्हा घरातली बंदूक खुंटीलाच असते. अनेक बळी घेणारा ‘सीटी-१’ वाघ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वडसा भागात पकडला गेला, तोही वन विभागाने बेशुद्ध करून.

राहिला चोर-दरोडेखोर. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ तुम्हाला स्वरक्षणाचा हक्क देतात. पण गरजेपुरताच. पळत सुटलेल्या भुरट्या चोराच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल. शिवाय बंदूक स्वतःच चोरीची वस्तू आहे. दुर्गम भागात घरची भरमार दलमच्या नजरेस येईल ही धास्ती लोकांनी वर्षानुवर्षे भोगली आहे.

परवाना मिळालाच तर

बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या स्वतःजवळ. पोरांच्या हाती लागेल अशी जागा नको. घरात दारूचे व्यसन असेल, रोज भांडण होत असेल, किंवा कोणी कर्जापायी खचून बसला असेल, तर बंदूक आणूच नका. त्या घरात पहिली गोळी चोराला लागत नाही. लग्नात-वरातीत हवेत बार काढू नका. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

पोलीस पाटलांनी एक काम आवर्जून करावे. परवानाधारक वारला, तर त्याची बंदूक घरात पडून राहू देऊ नये. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली पाहिजे. वारसाने नंतर रीतसर अर्ज करावा. बापाची बंदूक म्हणून माळ्यावर ठेवणारा मुलगा नकळत गुन्हेगार ठरतो.

तेव्हा अर्ज लिहिण्याआधी पक्के दार, भक्कम कडी, अंगणात दिवा, एक भुंकणारे कुत्रे आणि हाकेला ओ देणारा शेजार एवढे आधी जमवा. जागल एकट्याने करू नका, आळीपाळीने करा. एवढे करूनही गरज उरलीच, तर बाराबोअरचा अर्ज करा आणि ती चालवायला नीट शिका.