नजरेच्या टप्प्यात

परदेशी गेलेल्या मॉर्मन मिशनऱ्यावर बंधनं पुष्कळ असतात. सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही, चहा-कॉफी नाही. पण सगळ्यांत अवघड नियम वेगळाच आहे: एकटं राहायचं नाही. जोडीदार दिसला पाहिजे, हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे, एवढ्याच अंतरात दोन वर्षं काढायची. झोपायची खोली एक, अभ्यासाचं टेबल एक, रस्ता एक. सूट मिळते ती न्हाणीघरापुरती. हा जोडीदार आपण निवडलेला नसतो आणि बदलून मागण्याचीही रीत नाही. परक्या देशात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचं काय होतं हे समजून घ्यायचं तर धर्मग्रंथाच्या आधी या जोडीकडे पाहावं, असं मला वाटतं.

‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे या पंथाचं पूर्ण नाव. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यू यॉर्क राज्यात तो स्थापन केला. मुख्यालय आज युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. २०२४च्या अखेरीस जगभर सुमारे ७४ हजार पूर्णवेळ मिशनरी काम करत होते. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. २०१२मध्ये किमान वय मुलांसाठी १९वरून १८ आणि मुलींसाठी २१वरून १९ झालं, तेव्हा अर्जांचा पूर आला आणि त्यात मुलींचं प्रमाण लक्षणीय वाढलं. मुलाने जावं अशी अपेक्षाच असते; मुलीला ती मुभा आहे. कुठे जायचं हे मात्र दोघांनाही विचारत नाहीत. पूर्वी टपालाने जाडजूड पांढरा लिफाफा यायचा आणि अख्खं घर जमल्यावरच तो फोडायचे. २०१८पासून पत्र इंटरनेटवर येतं, पण घर अजूनही जमतं. पत्रात पेरू असतो, घाना असतो, कधी शेजारचंच राज्य असतं. जपान निघालं की पोटात गोळा येतो तो भाषेच्या धास्तीने.

युटातल्या प्रोव्हो गावी या मिशनऱ्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवतात. स्पॅनिशवाल्यांना सुमारे सहा आठवडे मिळतात, जपानीवाल्यांना नऊच्या आसपास. नऊ आठवड्यांत जपानी येत नाही, हे शिकवणारेही जाणतात, कारण त्यांतले बहुतेक स्वतः मिशनवरून परतलेले तरुण असतात. प्रार्थना कशी म्हणायची, ओळख कशी करून द्यायची, आपली श्रद्धा चार वाक्यांत कशी सांगायची, एवढी शिदोरी बांधून मुलगा विमानात बसतो. उरलेली भाषा त्याने लोकांच्या दारात शिकायची असते.

जपानमधला दिवस साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, नाश्ता, मग एकट्याचा अभ्यास, जोडीचा अभ्यास आणि भाषेचा अभ्यास. छातीवर काळी पाटी, तिच्यावर जपानी लिपीत आडनाव. मुलगा ‘एल्डर’, मुलगी ‘सिस्टर’. जोडीदाराचं पाळण्यातलं नाव न घेताच महिने जातात. दहाच्या सुमाराला पांढरा शर्ट, हेल्मेट आणि सायकल. जपानी गल्ल्यांमध्ये सायकलवरचे हे दोन परदेशी मुलगे आता लोकांच्या ओळखीचे आहेत. काम तीन-चार प्रकारचं: भेटी ठरवणं, ठरलेल्या भेटींना जाणं, स्टेशनबाहेर थांबून बोलणं, चर्चमध्ये फुकट इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणं. त्या वर्गाला निवृत्त आजोबा येतात, परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली येतात. बहुतेकांना हवं असतं ते इंग्रजी, आणि मिशनऱ्यांनाही ते ठाऊक असतं. तरी त्यातूनच खऱ्या ओळखी होतात.

दार उघडलंच तर पुढे चहा येतो. १८३३मधल्या शिकवणीच्या आधारे या पंथात दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य आहे. ग्रीन टी चालतो का, हा प्रश्न जपानमध्ये रोजचाच, आणि २०१९मध्ये चर्चच्या तरुणांसाठीच्या मासिकाने तोही चहाच असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. पाहुण्याने चहा नाकारणं आपल्याकडेही यजमानाला लागतं; जपानमध्ये तर त्या पेल्यात अख्खा शिष्टाचार भरलेला असतो. हे मुलगे वाकून, क्षमा मागून नकार देतात आणि जवाचा ‘मुगिचा’ मिळाला तर आनंदाने पितात, कारण त्यात चहाचं पान नसतं. विश्वास जपायचा आणि यजमानालाही दुखवायचं नाही, ही कसरत ते आठवड्यातून कितीदा तरी करत असतील. मला त्यांचं कौतुक वाटतं ते इथे.

पण दार बहुधा उघडत नाही. इंटरफोनवरून अतिशय सभ्य आवाजात ‘नको’ येतं. जपानमध्ये ख्रिस्ती लोक शंभरात एखाददुसरेच. १९९५मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला तेव्हापासून नव्या पंथाचं नाव काढलं की लोक सावध होतात. २०२२मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हत्येनंतर युनिफिकेशन चर्च या पंथावरून जो गदारोळ झाला, त्याने ती सावधगिरी आणखी वाढवली. या दोन्ही पंथांशी मॉर्मनांचा संबंध नाही, पण बंद दाराला तो फरक कसा कळावा?

हे बंद दार जुनंच आहे. १९०१च्या ऑगस्टमध्ये मॉर्मन प्रचारक हीबर ग्रँट तीन सोबत्यांसह योकोहामाला उतरले. त्यांतला आल्मा टेलर जेमतेम १९ वर्षांचा होता. तो आठ वर्षांहून जास्त काळ राहिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाचं जपानी भाषांतर त्याने तडीस नेलं, ते १९०९ साली छापून निघालं. १९२४मध्ये मिशन बंद करावं लागलं, तोवर बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेच्या घरातही पोचली नव्हती. काम पुन्हा उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८मध्ये.

आपल्या पुण्याचा या पंथाशी संबंध त्याहूनही जुना. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत आला आणि पुढे पुण्यात गेला. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध सोसत त्याने तिथे मूठभर लोकांची एक शाखा जमवली. काही वर्षांतच तो परतला आणि शाखाही टिकली नाही.

पुन्हा आजच्या जोडीकडे येऊ. ‘ट्रान्सफर’ दर सहा आठवड्यांनी जाहीर होतात. कुणाची बदली, कुणाला नवा जोडीदार, कुणी आहे तिथेच. अमेरिकन मुलाला जपानी जोडीदार मिळाला तर भाषा झपाट्याने सुधारते आणि भांडणंही झपाट्याने होतात: भांडी कुणी घासायची, पावसात बाहेर पडायचं की नाही, रस्त्यात कुणाशी किती वेळ बोलायचं. चिडून दार आपटून बाहेर पडायची सोय नाही, कारण बाहेर पडायचं तर दोघांनीच. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांच्या तक्रारी बोलून टाकायची पद्धत आहे. विशीच्या आतबाहेरची मुलं हे शिकतात, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

खर्च मिशनरी आणि त्याचं घरच उचलतं. महाग टोकियोला गेला काय किंवा स्वस्त देशात गेला काय, १९९१पासून अमेरिकी कुटुंबाला महिन्याला सारखीच रक्कम भरावी लागते. ४०० डॉलरवरून २०२०मध्ये ती ५०० झाली. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, असा दंडक होता. २०१९च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला, सुटीच्या ‘पी-डे’ला, व्हिडिओवर बोलता येतं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. आईचा आवाज ऐकल्याने कुणाची निष्ठा पातळ होत नाही.

या यंत्रणेतलं मला खटकतं ते आकड्यांचं ओझं. किती जणांना शिकवलं, किती जण रविवारी चर्चला आले, बाप्तिस्म्याच्या तारखा किती, याचा हिशेब वर जातो. हा हव्यास किती घसरू शकतो हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दिसलं. बेसबॉलच्या संघात घ्यायच्या निमित्ताने पोरांचे बाप्तिस्मे उरकले गेले आणि पुढे अनेकांची नावं चर्चलाच काढून टाकावी लागली. धर्मांतराबद्दल मनात शंका असलेल्या मराठी वाचकाची बाजू इथे बरोबर आहे. पण त्या हिशेबाखाली चिरडतो तो मुलगाही असतो. कुणी आजारी पडून, कुणी मन खचून मुदतीआधी परततो, आणि ज्या गावाने वाजतगाजत निरोप दिला तिथे त्याला नजरा चुकवत फिरावं लागतं. अलीकडे अशांसाठी घरी राहून करायच्या सेवाकार्याची वाट चर्चने रुंद केली आहे. गावाची नजर बदलायला त्याहून जास्त वेळ लागेल.

मुदत पुरी करून आलेल्यांपैकी काहींना तो देश सोडत नाही. १९७१मध्ये मिशनरी म्हणून जपानला गेलेला केंट गिल्बर्ट पुढे वकील होऊन तिथेच स्थिरावला आणि टीव्हीवरचा घराघरांतला चेहरा झाला. बाकीचे युटात परततात, कॉलेजात नाव घालतात. प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात असे कितीतरी जण जपानीच्या थेट वरच्या वर्गात जाऊन बसतात. बोलणं सफाईदार, आदरार्थी रूपं तोंडात बसलेली; वाचताना मात्र कांजी अक्षरांपाशी अडतात. मग पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर अक्षरं गिरवायला लागतात.