ऊब राखणारी पिशवी

डिसेंबर महिन्यात उत्तराखंडातील सांक्री या गावी देशभरातील हौशी गिरिप्रवासी जमतात. पुण्या-मुंबईकडील तरुणही त्यांत असतात. येथून केदारकांठा या सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या शिखराकडे वाट जाते. वाटेत बर्फावर तंबू ठोकून रात्र काढावी लागते. सूर्य मावळला, की पारा शून्याखाली उतरतो. नवखा प्रवासी दमून-भागून स्लीपिंग बॅगेत शिरतो, गळ्यापर्यंत चेन ओढून घेतो आणि ऊब येण्याची वाट पाहत पडून राहतो. तास उलटतो, दोन तास उलटतात. पाय मात्र गारच. ‘ही बॅग गरमच होत नाही,’ अशी तक्रार तो शेजाऱ्याकडे करू पाहतो, तर शेजारी तशाच बॅगेत गाढ झोपलेला असतो. असे का व्हावे?

स्लीपिंग बॅग म्हणजे अंथरूण-पांघरूण एकत्र शिवून तयार केलेली, माणूस आत मावेल एवढी पिशवी. ती उष्णता निर्माण करते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती काहीच निर्माण करत नाही. रिकामी बॅग रात्रभर तंबूत ठेवली, तर सकाळी ती तंबूतील हवेइतकीच थंड असेल. बर्फविक्रेत्याकडील लादी आठवून पाहा. तो तिच्यावर लाकडाचा भुसा पसरतो, वर गोणपाट टाकतो. त्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरत नाही आणि बर्फ लवकर वितळत नाही. आवरण बर्फाला गारवा देत नाही, तसेच ते माणसाला ऊबही देत नाही. आत जे आहे ते राखणे, एवढेच त्याचे काम. बॅगेतील शेगडी म्हणजे आपले शरीर. ही एक गोष्ट ध्यानात आली, की पुढील सर्व नियम आपोआप उलगडत जातात.

आता ही राखण कशी होते, ते पाहू. पूर्वी थंडीच्या तोंडावर गावोगावी पिंजारी येत असे. वर्षभर अंगाखाली दबून दडस झालेला गादीतील कापूस तो धनुकलीने पिंजून देई. कापूस तेवढाच, वजन तेवढेच. पण पिंजल्यानंतर गादी फुगे आणि अधिक उबदार लागे. वाढलेली असे ती फक्त हवा. धाग्यांच्या जाळीत अडकलेली, जागच्या जागी स्थिर राहणारी हवा उष्णता फार मंद गतीने वाहून नेते. आजीच्या गोधडीचे थर हेच कार्य करतात. चांगल्या स्लीपिंग बॅगेत बदकाची किंवा हंसाची पोटाकडील मऊ पिसे भरलेली असतात. थोड्या वजनात पुष्कळ हवा कोंडून धरण्याची शक्ती या पिसांत असते. स्वस्त बॅगांत कृत्रिम धागे असतात. ते वजनाने जड, पण ओले झाले तरी थोडी ऊब टिकवून धरतात. पिसे मात्र भिजली, की गोळा होऊन निकामी ठरतात. म्हणून मुक्कामी पोहोचताच घडी करून कोंबलेली बॅग बाहेर काढावी, झटकावी आणि निजण्यापूर्वी तासभर फुगू द्यावी.

शरीरातील उष्णता चार वाटांनी निसटते. थंड वस्तूला टेकल्याने ती वहनाने जाते, वाऱ्याबरोबर अभिसरणाने जाते, उघड्या अंगातून प्रारणाने जाते आणि घाम सुकताना बाष्पीभवनाने जाते. यांपैकी पहिल्या वाटेकडे नवख्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपण निजतो तेव्हा बॅगेचा खालचा भाग आपल्याच भाराने चेपला जातो. त्यातील हवा निघून जाते आणि थंड जमीन जणू पाठीलाच भिडते. कितीही महाग बॅग असली, तरी तिच्याखाली जाड फोमची चटई हवीच. चटई नसेल तर दोर, रिकामी पाठपिशवी, वाळलेले गवत, जे हाती येईल ते अंथरावे. अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षा अंगाखाली एक थर वाढवणे अनेकदा अधिक उपयोगी पडते.

उबेचा दुसरा शत्रू म्हणजे ओलावा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओलावा काय करू शकतो, याचे एक विलक्षण उदाहरण अंटार्क्टिकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. १९११ सालच्या जून महिन्यात एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे कॅप्टन स्कॉट यांच्या तळावरून एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी निघाले. दक्षिण ध्रुवाकडील तो ऐन हिवाळा होता. चोवीस तास अंधार आणि थंडी कधी कधी उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत. त्यांच्या बॅगा रेनडिअरच्या कातड्याच्या होत्या. रोज रात्री श्वासातील व घामातील बाष्प त्या कातड्यात मुरे आणि दिवसा गोठून बर्फ होई. ऊन नसल्याने वाळवण्याची सोय नव्हती. संध्याकाळी लाकडासारख्या ताठरलेल्या बॅगेत शिरताना अंगाच्या उबेने ती इंच-इंच वितळवावी लागे. सुमारे पाच आठवड्यांनी तिघेही तीन अंडी घेऊन जिवंत परतले, तेव्हा त्यांच्या बॅगांचे वजन दुपटीहून अधिक झालेले होते. वाढलेला तो सारा भार बर्फाचा होता. चेरी-गॅरार्ड यांनी हा अनुभव ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे.

आपल्या वाट्याला अशी थंडी येत नाही. परंतु धडा तोच आहे. दिवसभर चालून घामेजलेले कपडे घालून कधीही निजू नये. झोपण्यासाठी कोरडे लोकरीचे मोजे, कोरडी बंडी आणि कानटोपी वेगळी राखून ठेवावी. कपडे सैल असावेत. घट्ट कपड्यांनी रक्ताभिसरण मंदावते आणि फार जाड कपड्यांनी बॅग आतून चेपली जाते. थंडी वाजते म्हणून तोंड बॅगेत खुपसून श्वास घेऊ नये. त्याने क्षणभर बरे वाटते, पण उच्छ्वासातील बाष्प बॅगेत साठत जाते. नाक-तोंड बाहेर ठेवून डोक्याभोवती टोपडे आवळून घ्यावे. सकाळी ऊन पडताच बॅग उलटी करून वाळवावी.

शरीर हीच शेगडी असेल, तर तिला इंधन लागणारच. रात्री पोटभर गरम जेवावे. तूप, शेंगदाणे, गूळ यांसारखे पदार्थ त्यात असावेत. झोपण्याआधी दोन-चार मिनिटे हात-पाय हलवून अंग तापवावे, मात्र घाम येऊ देऊ नये. गारठलेल्या अवस्थेत बॅगेत शिरणे म्हणजे विझलेल्या शेगडीवर झाकण ठेवणे होय. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात गुंडाळावी आणि पायांशी ठेवावी. लघवीला जाण्याचा कंटाळा करू नये. ती अडवून ठेवली, तर झोपही मोडते आणि अस्वस्थताही वाढते. तंबूची जागा निवडताना वाऱ्याचा आडोसा पाहावा; दरीचा तळ टाळावा, कारण थंड हवा जड असल्याने रात्री तेथेच साचते.

बॅग विकत किंवा भाड्याने घेताना तिच्यावरील तापमानाचा आकडा समजून घ्यावा. प्रमाणित बॅगेवर बहुधा तीन आकडे असतात. पहिला सुखाने झोप लागेल असे तापमान सांगतो, दुसरा कशीबशी रात्र निभेल ती मर्यादा सांगतो आणि तिसरा केवळ जीव वाचण्याची शक्यता दर्शवतो. एकच आकडा लिहिलेला असेल, तर तो यांपैकी कोणता, हे विचारावे. निवड नेहमी पहिल्या आकड्यावरून करावी.

हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. आपल्या शरीराचे आतील तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ अंशांखाली उतरले, की हायपोथर्मिया ही जीवघेणी अवस्था सुरू होते. आधी माणूस थरथर कापतो. मग त्याची जीभ अडखळते, पाय लटपटतात, तो असंबद्ध बोलू लागतो. पुढे कापणे थांबते. ‘आता बरे वाटते आहे’ असा त्याचा अर्थ लावणे ही भयंकर चूक ठरते, कारण शेगडी विझत आल्याची ती खूण असते. अशा माणसाला नुसते बॅगेत घालून भागत नाही. त्याच्यापाशी राखण्याजोगी ऊबच उरलेली नसते. त्याचे ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छातीशी व काखेत ठेवाव्यात. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर गरम गोड पेय पाजावे. हात-पाय चोळू नयेत आणि वैद्यकीय मदत तातडीने मिळवावी.

दोन गैरसमज तर प्राणावरच बेततात. मद्याने ऊब येते, हा पहिला. मद्यामुळे त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग तापल्यासारखे वाटते; वस्तुतः आतील उष्णता वेगाने बाहेर जात असते. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे, हा दुसरा. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो, ना वास. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत अशा शेगड्यांनी झोपेतच माणसे दगावतात.

आपल्यापैकी अनेकांना हिमशिखरावर मुक्काम करण्याचा योग येणार नाही. पण शेताची राखण करणारा शेतकरी, ट्रकमध्ये रात्र काढणारा चालक, फलाटावर गाडीची वाट पाहणारे कुटुंब यांनाही हेच नियम लागू पडतात. त्यांच्यापाशी पिसांची बॅग नसेल; परंतु अंगाखाली पुठ्ठ्याचे वा वर्तमानपत्रांचे दोन थर, कोरडे कपडे, डोक्याला टोपी आणि पोटात गरम घास एवढे तरी बहुधा जमवता येते. ऊब बाहेरून येत नसते. ती आपल्यापाशीच असते. तिला निसटू न देणे, यातच थंडीवर मात करण्याचे सारे शहाणपण आहे.